पद्मिनीचं घराणं आणि घरची देखभाल

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या संग्रहात एक लाल मोटार आहे. तिचं नाव चिसितालिया २०२. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या तुरीन शहरात पिएरो दुझिओ या उद्योजकाने काढलेल्या कारखान्याची ही गाडी. तिची बॉडी पिनिन फारिनाने घडवली. १९५१ मध्ये या संग्रहालयाने मोटारींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती. तिच्याबद्दल लिहिणारे तिच्या पाठीच्या उताराविषयी आणि अंगाच्या सलग वळणाविषयी भरभरून लिहितात. बॉनेटखाली काय आहे, याचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकतो. बॉनेटखाली आहे १०८९ घनसेंटिमीटरचं, चार सिलिंडरचं फियाट इंजिन.

हा १०८९ चा आकडा आपल्याकडे अनेक घरांतल्या जुन्या आरसी बुकांत सापडेल. प्रीमियर पद्मिनीचं इंजिनही १०८९ घनसेंटिमीटरचंच होतं. हा नुसता आकड्यांचा योगायोग नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. एक गाडी संग्रहालयात जाऊन बसली. दुसरी टॅक्सी झाली, डॉक्टरांची गाडी झाली, लग्नाच्या वरातीत फुलांनी मढली आणि शेवटी आमच्या गिरडसारख्या गावात टिनाच्या शेडखाली आली. पहिलीच्या जतनाची काळजी घ्यायला तज्ज्ञ आहेत. दुसरीची काळजी ज्या हातांनी घेतली, त्यांची विद्या हातातून हातात गेली, कागदावर फार थोडी आली. अभिजात इटालियन स्पोर्ट्‌स कार घरी सांभाळायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला मोडेनापर्यंत जायची गरज नाही. आपल्या अंगणातली फियाट ते सगळं शिकवते. ते शिकवणारी माणसं आणि त्या गाड्या दोन्ही कमी होत असताना ही विद्या मराठीत नोंदवून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

इंजिनाचा वंशवृक्ष

या घराण्याचा मूळपुरुष १९३७ मधला. त्या वर्षी फियाटने ‘५०८ सी’ ही गाडी बाजारात आणली. तिच्यामागे दान्ते जाकोसा हा तरुण अभियंता होता. इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत बोअर, ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर. शाळेत शिकलेलं वृत्तचितीचं सूत्र इथे लावून पाहता येतं. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर. तिचा वर्ग गुणिले ३.१४, गुणिले चाल ७.५, गुणिले चार सिलिंडर. उत्तर १०८९.

साध्या प्रवासी गाडीचं हे इंजिन शर्यतीत कसं गेलं, ती हकिकत रंजक आहे. एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा काही वर्षं स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही, अशी अट त्याच्यावर होती. म्हणून त्याने ‘आउतो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी’ या नावाने १९४० मध्ये ‘८१५’ ही गाडी बांधली. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन फियाट ५०८ सी च्या इंजिनावर बेतलेलं होतं. कल्पना अशी, की चार-चार सिलिंडरची दोन इंजिनं एकापुढे एक ठेवायची. ब्लॉक नवा ओतला, बोअर आणि स्ट्रोक बदलले, पण हेड फियाटचे ठेवले. त्या वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या. एकीचं चाक अल्बेर्तो आस्कारीच्या हाती होतं. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. तरी फेरारीने स्वतंत्रपणे बांधलेली पहिली गाडी हीच.

युद्धानंतर चिसितालियाने तेच फियाट इंजिन घेऊन आधी शर्यतीची एकआसनी गाडी काढली. तिची रचना खुद्द जाकोसाने केली होती. त्यानंतर २०२ आली. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी चोपन्न वर्षांचा होता, आजारीही होता. बिनछपराची चिसितालिया घेऊन तो भर पावसात धावला आणि दुसरा आला. त्याच्यापुढे होती ती अल्फा रोमिओ, कितीतरी मोठ्या इंजिनाची.

१९५३ मध्ये फियाटने ‘११००-१०३’ आणली. हिला वेगळी चासी नव्हती. सगळी बॉडीच भार पेलणारी. इंजिन मात्र त्याच कुळातलं, तोच बोअर, तोच स्ट्रोक. हीच गाडी पुढे कुर्ल्यात आली.

कुर्ल्यापर्यंत आणि वर्ध्यापर्यंत

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने देशात उभे करायचं मनावर घेतलं होतं. त्यांतला मोटारीचा कारखाना म्हणजे १९४४ मध्ये स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकन गाड्या होत्या. फियाटशी संबंध त्यानंतर जुळला. नुसती सुट्या भागांची जोडणी नको, इथेच निर्मिती करा, असं सरकारी धोरण १९५३ च्या सुमारास पक्कं झालं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. फियाट राहिली.

पहिल्या ११०० ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. तिचं गोल नाक पाहिलेल्याला या नावाचं कारण सांगावं लागत नाही. मग ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ आणि १९६४ मध्ये ‘११०० डी’, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘डिलाइट’. काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. कुर्ल्यात ते विसावं शतक संपेपर्यंत चालू राहिलं. १९३७ चं इंजिन इतकी वर्षं आपल्याकडे टिकलं, याला बंद बाजारपेठ कारणीभूत होती, हे खरं. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे आणि नवं काही मिळत नसे. पण एकच यंत्र तीन पिढ्यांच्या हातांखालून गेल्यामुळे त्याचं एक लोकज्ञान तयार झालं, हा त्याचाच दुसरा परिणाम.

इटालियन यंत्राचं वर्ध्याशीही एक नातं आहे. जमनालाल बजाज यांच्या वर्ध्याच्या घराण्याने पुढे बजाज ऑटो उभी केली. १९६० च्या सुमारास या कंपनीने इटलीच्या पियाज्जिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. आमच्या भागातल्या किती तरी जणांनी आयुष्यातला पहिला प्लग स्कूटरचा काढला, सँडपेपरने घासला आणि परत बसवला. गावात फियाट आली तेव्हा निम्मा अभ्यास झालेला होता.

मिस्त्रींची भाषा

घरी काम करायचं तर आधी शब्द कळायला हवेत. कंपनीच्या पुस्तिकेत ‘डिस्ट्रिब्युटर’ असतो, गॅरेजात त्याला ‘डेल्को’ म्हणतात. डेल्को हे डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी या अमेरिकन कंपनीच्या आद्याक्षरांचं नाव. कॉइल आणि पॉइंटने ठिणगी पाडायची पद्धत याच कंपनीच्या चार्ल्स केटरिंगने रूढ केली. कंपनीचं नाव अमेरिकेत लोक विसरले असतील, विदर्भातल्या गॅरेजात ते वस्तूचं नाव होऊन जिवंत आहे. स्टार्टर म्हणजे ‘सेल्फ’. लीफ स्प्रिंग म्हणजे ‘पाटे’. सॉकेट म्हणजे ‘गोटी पाना’. गाडी उचलून ज्यावर टेकवायची ती ‘घोडी’. इंजिन एखाद्या सिलिंडरात पेट घेत नसेल तर गाडी ‘मिसिंग मारते’. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये घाण अडकली तर ‘कचरा आला’. खुद्द ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, आणि ‘चावी’ही तिथूनच.

हिंगणघाटला ज्या मिस्त्रींच्या शेजारी बसून मी यातलं बरंचसं काम पाहिलं, ते म्हणायचे, “भाऊ, गाडी आधी ऐकून घ्या, मंग पाना लावा.” याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. आजच्या गाडीत बिघाड संगणकाच्या पडद्यावर अंकांत दिसतो. या गाडीत तो आवाजात, वासात, प्लगच्या रंगात आणि धुराच्या छटेत दिसतो. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी सगळं उघड आहे.

साधनं थोडीच लागतात. रिंग पाने आणि फिक्स पाने, गोटी पान्यांचा एक संच, प्लग पाना, दोन पेचकस, पक्कड, फिलर गेज, ग्रीसगन, बारा व्होल्टचा टेस्टर दिवा, जॅक आणि दोन मजबूत घोड्या. त्यातली घोडी सगळ्यांत महत्त्वाची. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या जमिनीवर जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी हवी. उलट्या बाजूच्या चाकांना दगडांची उटी हवी. पेट्रोलचं काम करताना बॅटरीची अर्थ सुटी करावी आणि शेडची दारं उघडी ठेवावीत.

ठिणगी

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण आणि दाब. बिघाड शोधायचा क्रमही हाच.

डेल्कोचं झाकण काढलं की मधोमध फिरणारा रोटर आणि बाजूला पॉइंट दिसतात. पॉइंट म्हणजे एक छोटा स्विच. तो मिटलेला असताना कॉइलमधून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो. डेल्कोच्या दांड्यावरचा चौकोनी कॅम त्याला उघडतो, प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो रोटरमार्फत ज्याची पाळी आहे त्या प्लगला जातो. पाळीचा क्रम १-३-४-२. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. शेजारचा कंडेन्सर पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी गिळतो, म्हणून पॉइंट जळत नाहीत. तो निकामी झाला की पॉइंटच्या तोंडावर निळसर काळपट डाग पडतात आणि गाडी धड चालू होत नाही.

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यात साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट हवी. इंजिन हाताने हळू फिरवायचं, कॅमचा कोपरा पॉइंटच्या टाचेखाली आला की थांबायचं आणि फिलर गेजची पट्टी आत सरकवायची. पट्टी किंचित घासत जावी. ती ढिली नको आणि अडकायलाही नको. ती टाच फायबरची असते, झिजत जाते. झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. गाडी चढावर ‘ओढत नाही’ म्हणतात ते बहुधा यामुळे. दोन हजार किलोमीटरला एकदा दहा मिनिटं दिली, तर मोठ्या दुरुस्तीच्या कितीतरी शंका मिटतात.

प्लग काढून रांगेत मांडावेत. विटकरी-तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी. ओला आणि तेलकट असेल तर त्या सिलिंडरात ऑइल वर चढतंय. चार प्लग म्हणजे इंजिनाने लिहून दिलेला अहवालच.

टॅपेट आणि नवाची बेरीज

टॅपेटची फट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातलं अंतर. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, म्हणून ही फट ठेवावी लागते. ती जास्त असेल तर टकटक आवाज येतो. कमी असेल तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून मिस्त्री सांगतात, वाजणारा टॅपेट बरा, मुका वाईट.

फट मोजताना तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असायला हवा. तो कसा ओळखायचा? चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्हच्या अशा इंजिनासाठी एक सोपी युक्ती आहे. व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ क्रमांक द्यायचे. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा मोजायचा. दुसरा दाबलेला असेल तेव्हा सातवा, तिसऱ्याला सहावा. बेरीज नेहमी नऊ. यामागचं कारण असं, की पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर-खाली होतात, पण त्यांची कामं एका फेऱ्याने पुढे-मागे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याचंही तसंच. फट किती आणि ती गार इंजिनावर मोजायची की गरम, हे त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे करावं.

मिश्रण आणि विदर्भाचा उन्हाळा

पद्मिनीला एकच कार्ब्युरेटर. त्याच काळातल्या इटालियन स्पोर्ट्‌स गाड्यांना दोन-दोन वेबर कार्ब्युरेटर असत, आणि प्रत्येकाला दोन तोंडं. चारही तोंडांनी सारखी हवा ओढावी लागते. घरी काम करणारे हौशी लोक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक तोंडाशी धरून फुसफुशीचा आवाज जुळवत. आपलं काम त्या मानाने सोपं. फ्लोटची वाटी उघडायची, तळाचा गाळ पुसायचा, जेट काढून हवेने फुंकायचे. जेटच्या छिद्रात तार घालू नये. छिद्र केसाएवढं रुंदावलं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. मग गरम इंजिनावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत, इंजिन जिथे सगळ्यांत नितळ चालतं तिथे थांबायचं आणि दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा.

तुरीनच्या अभियंत्यांनी जो प्रश्न फारसा मनावर घेतला नसेल, तो आमच्याकडे मे महिन्यात दरवर्षी उभा राहतो. वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. तो टाकीकडून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीत दाब कमी होतो, आणि कमी दाबाला द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफ भरते, पंप ती वाफच चघळत बसतो. गाडी बसस्टँडसमोर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मिस्त्री म्हणतात, ‘पंपाने एअर पकडली’.

यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळायचा उपाय अनेकांनी पाहिला असेल. तो अडाणी नाही. फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वाने. कोरड्या हवेत, म्हणजे नेमकं विदर्भात, तो उपाय जास्त चालतो, मुंबईच्या दमट हवेत कमी. घरी करण्यासारखी पक्की तजवीज म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तोंडापासून दूर वळवणं, रेडिएटर आतून साफ करून घेणं, फॅनचा पट्टा नीट ताणणं आणि लांबच्या प्रवासानंतर इंजिन मिनिटभर फेरी घेऊ देऊन मग बंद करणं.

ब्रेक आणि ग्रीस

चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक असतं. ओल्या फडक्याने पुसावं. ब्रेकचं ऑइल हवेतली वाफ शोषतं, त्यामुळे नळ्या आतून गंजतात आणि उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ जातं. दोन वर्षांनी ते बदलावं. हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकाने पेडलवर बसायचं आणि दुसऱ्याने चाकाशी. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. आमच्या घरी “दाब, धरून ठेव, सोड” हा संवाद इतक्यांदा झाला आहे, की माझ्या मुलीला गाडी चालवता येण्याआधी ब्रेक कसे काम करतात ते समजलं.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना आणि सांध्यांना ग्रीसचे निपल आहेत. ग्रीसगनने नवं ग्रीस तोवर भरायचं, जोवर जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येत नाही. आजच्या गाड्यांत असे सांधे बहुतेक बंदिस्त असतात, झिजले की अख्खे बदलायचे. इथे ते जपायचे आहेत. आमच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चाकांच्या कमानीत थरावर थर चिकटतो आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो. या गाडीला वेगळी चासी नाही, म्हणून दारांखालचा पत्रा गंजला तर नुसती शोभा जात नाही, तिचा कणाच कमजोर होतो. पावसाळ्यानंतर खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुणं हे रंगकामापेक्षा मोलाचं.

उभी गाडी

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचं स्थान आहे. त्या टेकडीवर फळांसारखे गोल खडे सापडतात. बाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, अशी आख्यायिका आमच्याकडे लहानपणी सगळेच ऐकतात. भूगर्भशास्त्रात त्यांना झिओलाइट म्हणतात. मोटारीला मात्र शापाची गरज लागत नाही. ती वर्षभर नुसती उभी ठेवली तरी पुरते. ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, क्लचची प्लेट फ्लायव्हीलला धरते, बॅटरी मरते, उंदीर वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आठ-दहा किलोमीटर चालवणं हीच सर्वांत स्वस्त देखभाल.

अलीकडे याला पेट्रोलच्या बदलाची जोड मिळाली आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तो या इंजिनांसाठी पहिला बदल. आरोग्यासाठी तो आवश्यकच होता, पण शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. दुसरा बदल म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी शोषतं. टाकीत फार काळ पडून राहिलं तर पाण्यासह तळाशी वेगळं होऊ शकतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात किंवा चिरतात. त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढुरके दिसू लागतात. म्हणून नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे बसवावेत, गरज पडली तर मोठा मेन जेट लावावा आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नये.

जतन कशाचं?

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं युग संपलं. त्या वेळी वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिलं. खाजगी पद्मिनीचं जे चाललं आहे, त्याला मात्र असा एक दिवस नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

या दोन नियमांच्या मध्ये एक पोकळी आहे. पद्मिनी नावाच्या गाड्या १९७४ पासूनच्या, म्हणजे पन्नाशी गाठलेल्या पद्मिनी आत्ता कुठे निघू लागल्या आहेत. बाकी जवळजवळ सगळ्या मधल्या पट्ट्यात आहेत. रस्त्यासाठी म्हाताऱ्या, वारशासाठी कोवळ्या. माझ्याकडची १९८६ ची गाडी वारसा ठरायला २०३६ उजाडावं लागेल. प्रदूषण आणि सुरक्षेचे प्रश्न खोटे नाहीत. रोज शहरात धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या हटवणं योग्यच आहे. पण महिन्यातून पन्नास किलोमीटर चालणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीला या मधल्या वर्षांत एखादा मर्यादित वापराचा परवाना असायला हवा. तो नसल्याने पन्नाशी गाठण्याआधीच बहुतेक गाड्या भंगारात जातील. त्याचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ज्या कुर्ल्यात त्या बनल्या तिथेच, किलोवर विकले जातील.

गाडी गेली तर तिच्याबरोबर पॉइंटची फट बोटांनी ओळखणारी माणसंही निरुपयोगी ठरतील. इटलीत जुन्या गाडीचे सुटे भाग नव्याने बनवणारे कारखाने आहेत, पुस्तिका पुन्हा छापल्या जातात, हौशी लोकांचे क्लब आहेत. आपल्याकडे गाड्या कमी खर्चात चालत्या ठेवण्याचं ज्ञान त्याहून कमी नव्हतं. फक्त ते लिहिलं गेलं नाही. माझ्या शेडमध्ये टॅपेटच्या, पॉइंटच्या, ऑइल बदलल्याच्या तारखांची एक वही आहे. ज्या घरी अशी गाडी असेल त्याने तशी वही ठेवावी. आपल्या गावच्या जुन्या मिस्त्रींकडे एक दिवस बसून त्यांचे शब्द, त्यांच्या युक्त्या आणि त्यांचे अंदाज त्या वहीत उतरवून घ्यावेत. गाडीचा नमुना संग्रहालयात ठेवता येतो. ती चालती कशी ठेवायची, हे वहीतून आणि हातातूनच पुढे जाईल.